234 चं पाण्याचं बिल 1880 झालं तेव्हा: अन्नपूर्णा रोडच्या सॅनिटरी दुकानाच्या लीकेज सर्व्हिसचा अनुभव

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम दोन महिने थांबले. दुरुस्ती झाल्याझाल्या सगळेच खूष असतात, खरं काय ते पुढची दोन बिलं आली की कळतं. आता जुलैचं बिल हातात आलंय, 14 युनिट, 252 रुपये, तर आता लिहिते. जरा लांब होईल पण ज्यांच्या घरी असं बिल आलंय त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितेय.

आम्ही इंदूरला अन्नपूर्णा भागात एका मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आधी रामबागेत जुन्या घरी होतो, तिथे मीटर वगैरे काही नव्हतं, नळाचा महिन्याचा ठरलेला आकार भरला की झालं, त्यामुळे पाण्याचं बिल वाचावं लागतं हेच कधी माहीत नव्हतं. इथे मात्र नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते पुरत नाही म्हणून बोरिंग, आणि मार्चपासून टँकर, हे सगळं खालच्या हौदात एकत्र होतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत आणि तिथून घरोघरी. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवले, कारण दोन माणसांच्या घराने आणि सहा माणसांच्या घराने सारखेच पैसे का भरायचे यावरून दर मीटिंगला वाद व्हायचे. मीटर बसवले ते चांगलंच झालं असं मला आजही वाटतं. दर असा आहे की पहिल्या 15 युनिटला 18 रुपये, पुढच्या 10 ला 35, आणि 25 च्या वर गेलात की 70 रुपये युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोलिटर, म्हणजे 1000 लिटर. आमचं महिन्याला 13 च्या आसपास यायचं, 234 रुपये.

तर 12 मेला दाराखालून सरकवलेलं बिल उचललं आणि त्यावर 43 युनिट, 1880 रुपये. मी चष्मा लावून परत बघितलं. ह्यांना दाखवलं तर ह्यांचं पहिलं म्हणणं की आकडा टाकताना चूक झाली असेल. सेक्रेटरी भाईसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले मीटर खोटं बोलत नाही भाभीजी, तुमच्याकडे पाहुणे होते ना.

आता इथे एक गोष्ट सांगते जी मला नंतर समजली पण आधी समजली असती तर तीन दिवसांची डोकेदुखी वाचली असती. पाणी वाढलं सव्वातीन पट आणि बिल वाढलं आठपट. 13 चे 43 झाले, पण 234 चे 1880 झाले. हे स्लॅबमुळे, म्हणजे दराच्या टप्प्यांमुळे होतं, वरचे जे 18 युनिट आहेत ते सगळे 70 च्या दराने लागतात, त्यांचेच 1260 झाले. म्हणून बिल आठपट आलं म्हणजे आपण आठपट पाणी वापरलं असं नसतं, रुपये बघायचेच नाहीत आधी, युनिट बघायचे. मी रुपये बघून घाबरले होते.

मग घरात प्रत्येकाची एकेक थिअरी. लेक आणि नातवंडं आठ दिवस येऊन गेली होती. कूलर सुरू झाला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या मीटर फास्ट झालाय, त्यांच्या बहिणीकडे असंच झालं होतं. मी वहीत हिशोब मांडला. आमच्या कूलरच्या टाकीत 50 लिटर मावतं आणि दिवसातून एकदा भरतो, बिलाच्या काळात तो साधारण 15 दिवस चालला, म्हणजे 750 लिटर, पूर्ण एक युनिटसुद्धा नाही. पाहुण्यांचं म्हणाल तर शहरात माणशी दिवसाला 135 लिटर असं सरकारी प्रमाण धरतात, तीन माणसं आठ दिवस म्हणजे सव्वातीन हजार लिटर, 3 युनिट, आणि तेही नातवंडं मोठ्या माणसाइतकं पाणी वापरतात असं धरून, शिवाय आठपैकी पाच दिवस ती मंडळी उज्जैनला माझ्या नणंदेकडेच होती. मग बाकीचे 26-27 हजार लिटर गेले कुठे? इतकं पाणी म्हणजे पाच टँकर. घरात कुठे एक थेंब सांडलेला दिसत नाही, भिंतीला ओल नाही, खालच्या फ्लॅटच्या छताला डाग नाही, एकही नळ टपकत नाही. हे न दिसणंच जास्त त्रासदायक होतं, रात्री झोप लागेना.

पहिल्यांदा ज्या प्लंबरला बोलावलं त्याचं किंवा त्याच्या दुकानाचं नाव लिहीत नाही. तो आला, दोन्ही बाथरूममध्ये पाच मिनिटं फिरला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला कन्सील्ड लाइन, म्हणजे भिंतीच्या आतली, गेलीय, टाइल्स फोडून नवी लाइन टाकावी लागेल, 28,000 रुपये, मटेरियल वेगळं. मीटर कुठे आहे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा खरंच हो म्हणणार होते, कारण 1880 दर महिन्याला भरायचे तर त्यापेक्षा एकदाच खर्च झालेला बरा असं वाटत होतं. ह्यांनी थांबवलं.

मग लेकीच्या मैत्रिणीने ह्या दुकानाचं सांगितलं. अन्नपूर्णा रोडवर मंदिराकडून पुढे आलं की उजव्या हाताला सॅनिटरी-हार्डवेअरची दोन-तीन दुकानं लागोपाठ आहेत त्यातलं मधलं, बाहेर हिरवे पाइप उभे लावलेले असतात. मालक वयस्कर मराठी काका आहेत, गल्ल्यावर तेच बसतात. सामान विकतातच पण त्यांची दोन माणसं घरी येऊन लीकेज शोधून देतात. व्हिजिटचे 300, काम निघालं तर मजुरी वेगळी, आणि काही सापडलं नाही तरी 300 द्यायचेच, हे काकांनी फोनवरच स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. फोनवर त्यांनी पत्ता विचारायच्या आधी विचारलं, वहिनी, मीटर किती आहेत तुमच्या फ्लॅटला? मी म्हटलं एकच असेल. ते म्हणाले तीन बीएचके आहे ना, मग एक नसणार, डक्टमध्ये, म्हणजे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेत बघा आणि मला परत फोन करा.

आणि खरंच, दोन होते. तीन वर्षं राहून मला माहीत नव्हतं. आपल्याकडे फ्लॅटमध्ये गच्चीवरून पाणी उतरतं ते एका पाइपने सगळ्या घराला नाही येत, स्वयंपाकघराची लाइन वेगळी उतरते, मागच्या बाथरूमची वेगळी, कुठे कुठे तीन-तीन लाइनी असतात, आणि जितक्या लाइनी तितके मीटर. आमच्या एका मीटरवर स्वयंपाकघर आणि पुढचं बाथरूम, आणि दुसऱ्यावर मागचं बाथरूम आणि वॉशिंग मशीन. सोसायटी बिलावर दोन्हीची बेरीज करून एकच आकडा छापते. म्हणजे ज्या माहितीवरून पाणी कुठे जातंय ते लगेच कळलं असतं तीच माहिती बेरजेत बुडवलेली. मी ऑफिसात जाऊन रजिस्टर बघायला मागितलं (पहिल्यांदा नाही म्हणाले, मग दाखवलं) तर पुढचा मीटर 8 वरून 11 झालेला आणि मागचा 5 वरून 32. मागच्या खोलीत कोणी राहतच नाही, मुलगा पुण्याला असतो. तिथे फक्त मशीन लागतं.

काकांनी सांगितलं, आता माणूस उद्या येईलच, पण आज रात्री एक काम करा, 11 वाजता सगळे झोपायच्या आधी दोन्ही मीटर वाचून लिहून ठेवा, रात्री शक्यतो पाणी वापरू नका, आणि पहाटे 5 ला उठल्याउठल्या बाथरूमला जायच्या आधी परत वाचा. मीटर कसा वाचायचा तेही फोनवर सांगितलं. काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट, हजार हजार लिटर, बिल ह्याच्यावर लागतं. त्याच्या पुढे लाल रंगात जे असतं, आकडे किंवा छोट्या गोल तबकड्या, ते त्याच्या आतले लिटर. आणि मध्ये एक इवलंसं लाल चांदणीसारखं चाक असतं, ते सगळ्यात महत्त्वाचं, थोडं जरी पाणी पुढे सरकलं तरी ते फिरतं.

रात्री 11 ला मी आणि हे टॉर्च घेऊन डक्टच्या खिडकीशी. मीटरच्या काचेवर धूळ आणि आतून थोडं धुकं, ओल्या फडक्याने पुसलं. पुढच्या मीटरची चांदणी गप्प. मागच्या मीटरची फिरत होती. हळू, पण एकसारखी, जराही न थांबता. सगळं घर शांत, एक नळ चालू नाही, पंखे तेवढे फिरतायत, आणि ते लाल चाक फिरतंय. मला ते बघून पोटात कसंतरी झालं. पहाटे वाचलं तर पुढचा जिथल्या तिथे, मागचा 174 लिटर पुढे. सहा तासांत 174, म्हणजे तासाला 29. दिवसाला 696. हेच 37 दिवस केलं तर पावणेसव्वीस हजार लिटर. 37 दिवस का ते पुढे सांगते. हिशोब तिथेच जुळला, माणूस यायच्या आधीच.

हे 29 लिटर तासाला म्हणजे किती, तर मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर. अर्ध्या लिटरची बाटली मिनिटभरात भरेल इतकी बारीक धार. दिवसाचे मिनिटं 1440 असतात त्यामुळे असली धार महिनाभर चालली की वीस-बावीस हजार लिटर होतं हे आपल्या डोक्यात येत नाही, आपल्याला वाटतं काहीतरी मोठं फुटलं असणार.

माणूस दुसऱ्या दिवशी यायचा तो तिसऱ्या दिवशी आला, दुपारी 4 ला. हा एक मार्क कापला. पण आल्यावर त्याने कुठेही हातोडा काढला नाही. आधी माझी चिठ्ठी वाचली. मग मागच्या बाथरूममध्ये जाऊन फ्लशच्या टाकीला येणारा छोटा अँगल कॉक बंद केला आणि मला म्हणाला, जाकर चक्री देखो भाभी. मी गेले, चांदणी थांबलेली. त्याने कॉक उघडला, चांदणी परत फिरायला लागली. दोन मिनिटांचं काम. भिंतीतली लाइन फुटली असती तर कॉक बंद करूनही चाक फिरत राहिलं असतं. म्हणजे 28,000 चं फोडकाम पूर्ण फुकट गेलं असतं, पाणी तसंच वाहत राहिलं असतं.

मग मला म्हणाला घरात खायचा रंग आहे का. केशरी रंग होता, थोडा दिला. तो टाकीत घातला आणि म्हणाला दहा-पंधरा मिनिटं फ्लश करू नका. थोड्या वेळाने बघितलं तर कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने केशरी ओघळ उतरत होता, अगदी पातळ, पांढऱ्यावर केशरी म्हणून दिसला, नाहीतर साध्या पाण्याचा तो ओघळ दिसणं शक्यच नाही, आवाज तर शून्य. महिनाभर ते पाणी त्या भांड्यातून सरळ ड्रेनेजमध्ये जात होतं, म्हणून ना ओल, ना डाग, ना टपटप.

पण तो इथे थांबला नाही आणि ह्यासाठी मी ह्या सर्व्हिसला जास्त मार्क देईन. टाकीतून पाणी जायला दोन वाटा असतात. एक खालचं रबरी सील खराब झालं तर तळातून. दुसरी म्हणजे पाणी आत सोडणारा वॉल (व्हॉल्व्ह) पूर्ण बंदच होत नाही, पाणी चढत चढत मधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत येतं आणि तिच्यातून खाली उतरत राहतं. दोन्हींत भांड्यात रंग दिसतोच. मग त्याने अँगल कॉक बंद करून टाकीच्या आत पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारली आणि अर्धा तास चहा घेतला. सील खराब असतं तर पाणी रेघेच्या खाली गेलं असतं. ते बरोब्बर नळीच्या तोंडाशी उभं राहिलं. म्हणजे सील चांगलं, वॉल खराब. पहिल्या प्लंबरसारखा कोणी असता तर त्याने आख्खा सेट बदलला असता किंवा नुसतं सील बदलून पैसे घेऊन गेला असता आणि आठ दिवसांत परत तेच.

वॉल खोलून दाखवला. आतल्या वॉशरवर पांढरा थर, बोरिंगच्या पाण्याचे क्षार, नखाने खरवडला तर खडूसारखा निघाला, आणि खालच्या जाळीत काळपट गाळ. तो म्हणाला मार्चमध्ये टाक्या साफ केल्या होत्या का मल्टीच्या? केल्या होत्या. टाकी साफ केल्यावर किंवा पूर्ण रिकामी होऊन परत भरली की तळाचा गाळ लाइनमध्ये उतरतो आणि अशा वॉलमध्ये जाऊन बसतो, मग वॉशर नीट टेकत नाही. त्यातून ते बाथरूम कोणी वापरत नाही म्हणून लक्षात येणं अवघड. तुमच्याकडे टाक्या धुतल्या की त्या आठवड्यात फ्लशच्या टाक्यांची झाकणं उचलून एकदा आत बघाच.

वॉल साफ करून चालेल का असं मी विचारलं, तो म्हणाला चालेल पण वॉशर कडक झालाय, दोन महिन्यांत परत गळेल. नवीन वॉल 450, मजुरी 250, व्हिजिट 300, एकूण 1000 रुपये. त्यात त्याने माझ्या समाधानासाठी मीटरही तपासून दिला. काकूंचं ते मीटर फास्ट झाल्याचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं ना. मागच्या बाथरूमच्या नळाखाली 20 लिटरची खुणेची बादली पाच वेळा भरली, 100 लिटर, मीटर 101 पुढे गेला. एवढा फरक चालतो. त्याने सांगितलं की हे आतल्या चाकावर चालणारे मीटर जुने झाले की बहुतेक वेळा हळू होतात, फास्ट होणं कमी. एकच गोष्ट आहे की टाकी रिकामी होऊन लाइनमध्ये हवा भरली आणि मग पाणी आलं तर ती हवा बाहेर पडताना मीटरचं चाक फिरवते आणि तेवढे लिटर खोटे चढतात, जिथे पाणी एक दिवसाआड येतं आणि मीटर थेट मेन लाइनवर आहे तिथे हे जास्त. आमच्याकडे गच्चीवरून येतं त्यामुळे टाकी पूर्ण कोरडी झाली तरच. पण त्याने काही 26,000 लिटर चढत नाहीत.

आता ते 37 दिवसांचं. मी बिल नीट वाचलं तेव्हा दिसलं की मागचं रीडिंग 2 एप्रिल आणि आताचं 9 मे. रीडिंग घेणारा मुलगा लग्नाला गावी गेला होता म्हणून आठवडाभर उशीर. म्हणजे 37 दिवसांचं पाणी आणि स्लॅब मात्र 30 दिवसांचे लावलेले. साधा मुद्दा आहे, दिवस वाढले तर स्वस्त स्लॅबची मर्यादाही त्या प्रमाणात वाढली पाहिजे, 15 ची साडेअठरा आणि पुढच्या 10 ची साधारण सव्वाबारा. तसा हिशोब केला तर 1616 येतात, 1880 नाही. मी वहीचं पान घेऊन कमिटीच्या मीटिंगला गेले. मला वाटलं होतं वाद होईल, पण झालं उलटंच, पाच-सहा घरांनी आपापली बिलं काढली, सगळ्यांच्याच बिलात 37 दिवस होते, ज्यांचं लीकेज नव्हतं त्यांनाही थोडे थोडे जास्त लागले होते. 264 रुपये आमच्या पुढच्या बिलात वळते केले आणि आता बिलावर दोन्ही मीटर वेगळे आणि रीडिंगच्या तारखा मोठ्या अक्षरात छापतात. गळतीचे पैसे मात्र मी पूर्ण भरले. पाणी माझ्याच घरातून गेलं होतं, सोसायटीने टँकरला पैसे मोजलेच होते, ते दुसऱ्यांनी का भरायचे.

आणि पैशाचं एक वेळ जाऊ दे, मला त्या पाण्याचं जास्त लागलं. माझे सासरे सांगायचे, इंदूरला आधी यशवंत सागर आणि बिलावलीच्या पाण्यावर भागवायचे, उन्हाळ्यात हाल व्हायचे, नर्मदा आणा म्हणून लोकांनी मोठं आंदोलन केलं तेव्हा कुठे 1978 मध्ये नर्मदा शहरात आली. मंडलेश्वरजवळ जलूदला नदीतून उचलतात, 70 किलोमीटर लांबून, आणि नुसतं लांबून नाही, नर्मदेच्या खोऱ्यातून विंध्याचा घाट चढवून वर 550 मीटर उंचीच्या माळव्यात आणतात, पंपावर पंप लावून, केवढी वीज जात असेल त्याला. सासूबाई नळ आल्यावर पहिली कळशी देवापुढे ठेवायच्या. ते पाणी माझ्या घरातल्या न वापरलेल्या बाथरूममधून महिनाभर गटारात गेलं आणि माझ्या कानाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी तो केशरी ओघळ बघून खरंच रडू आलं.

सर्व्हिसमधल्या ज्या गोष्टी नाही आवडल्या त्याही लिहिते. एक तर दिलेला दिवस पाळला नाही आणि उशीर होणार असा फोनही केला नाही, मीच दोनदा केला. दुसरं, पैसे घेतल्यावर पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, वॉलवर एक वर्षाची गॅरंटी आहे असं तोंडी सांगितलं, मी दुकानात जाऊन काकांकडून बिलावर लिहून आणलं, तेव्हा तुम्हीही लिहूनच घ्या. तिसरं, दुकानात गेलं की मोबाईलवर रीडिंग दाखवणारा महागडा मीटर घ्या म्हणून मागे लागतात. सोसायटीचा मीटर असताना मला त्याची गरज वाटली नाही, वही-पेन पुरतं.

आणि ही सर्व्हिस फ्लॅटला जितकी छान तितकी बंगल्याला नाही, हे सांगणं भाग आहे. माझ्या दिरांचा लोकमान्य नगरात बंगला आहे, त्यांचा हौद रात्रीतून उतरायचा म्हणून आमचं ऐकून त्यांनी हीच माणसं बोलावली. ती लोखंडी दांडा जमिनीला लावून दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकतात, अंगणात दोन तास ऐकलं पण जागा सापडली नाही. आपली काळी माती, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पावसात फुगते, त्यात पाइपाचे जोड हलतात, आणि गळलेलं पाणी भेगांतून खाली मुरून जातं, वर ओल दिसतच नाही. शेवटी काकांनी स्वतः फोनवर सुचवलं की हौदात येणारा आणि जाणारा दोन्ही वॉल रात्री बंद करा आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा. सकाळी पाणी चार बोटं खाली. म्हणजे लाइन नाही, हौदच झिरपतोय. मग हौदाचं काम त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं, कारण वॉटरप्रूफिंग हे लोक करत नाहीत. 300 रुपये मात्र घेतले, जे आधीच सांगितलेले होते.

बिलांचं सांगायचं तर जूनचं 20 युनिट आलं, कारण 9 मेनंतर दुरुस्ती होईपर्यंत आठवडाभर गळत होतंच आणि कूलर महिनाभर चालू, 445 मधून 264 वजा होऊन 181 भरले. जुलैचं 14. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी दोन्ही मीटरचे आकडे लिहिते, ह्यांना आधी ते जरा जास्त वाटलं होतं, आता मी विसरले तर हेच लिहितात. मागचा मीटर आठवड्याला 1100-1200 लिटर जातो, मशीनचे दिवस धरून. आणि आरओचं सोडलेलं पाणी, जे शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट निघतं, ते बादलीत धरून फरशी पुसायला घेते, त्याने बिल काही फार कमी होत नाही पण टाकवत नाही आता.

पाचपैकी चार मार्क. वेळ पाळली असती तर पाच दिले असते. फ्लॅटवाल्यांनी नक्की बोलवा, सोमवारी दुकान बंद असतं. आणि फोन करायच्या आधी रात्री 11 चं आणि पहाटे 5 चं रीडिंग कागदावर तयार ठेवा, सगळ्या मीटरचं वेगवेगळं, काका पहिल्यांदा तेच विचारतात.